मागच्या फॉर्मचं काय झालं?

जानेवारीत शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आमची मासिक बैठक होती. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि बैठक एकाच दुपारी उरकायची, असं बायकांनीच ठरवलं होतं. माझ्याबरोबर पुण्याहून एम.ए.च्या दोन विद्यार्थिनी आल्या होत्या. ग्रामीण भागातलं सामाजिक आणि राजकीय परिवर्तन आणि त्यातल्या स्त्रिया, असा त्यांच्या लघुप्रबंधाचा विषय. दोघी मनापासून काम करणाऱ्या. तिळगूळ वाटून झाल्यावर त्यांनी पिशवीतून छापील प्रश्नावल्या काढल्या. पुढच्याच ओळीत बसलेल्या एका मावशींनी हात पुढे केला नाही. त्या म्हणाल्या, "फॉर्म भरू की. पण ताई, मागच्या फॉर्मचं काय झालं, ते आधी सांगा."

कोणता मागचा फॉर्म, असं मी विचारलं. मग बायका बोटांवर मोजायला लागल्या. एक बचत गटांबद्दल होता. एक संडासांबद्दल होता. एक कंपन्या आल्यावर गावात काय फरक पडला, याबद्दल. करोनाच्या काळात एकीनं फोनवरच तासभर विचारून घेतलं होतं. त्यांतलं कुणीही परत आलं नव्हतं. मावशींच्या आवाजात राग नव्हता. गिरणीत टाकलेलं दळण झालं का, असं विचारावं तितक्या सहज त्या विचारत होत्या. त्या दोन मुलींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं, कारण मीही त्याच यादीतली होते.

दहा वर्षांपूर्वी एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी दौंडमधल्या एका वस्तीत प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. तीन आठवडे रोज सकाळच्या गाडीनं जात होते. बायकांनी चहा दिला, उन्हात बसू दिलं नाही, नवऱ्यापासून लपवलेल्या गोष्टी सांगितल्या. मी तक्ते केले, टक्केवारी काढली, निष्कर्ष लिहिले. काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा लघुप्रबंध ग्रंथालयात गेला, मला चांगले गुण मिळाले आणि नोकरीही मिळाली. त्या वस्तीत मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

या अंकाचं संपादकीय त्या मावशींच्या प्रश्नावर लिहायचं ठरवलं आहे. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य, स्त्री-अभ्यास अशा सगळ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता ‘समकालीन समाजातील बदल’ हा विषय या ना त्या नावानं असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी आपल्या राज्यात सुरू झाल्यापासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधन पद्धती शिकणं आणि संशोधन प्रकल्प करणं आवश्यक झालं आहे. याचा अर्थ उघड आहे. प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढणार आहे. ते आपल्या गटांकडे येणार, कारण वस्तीत शिरायची वाट आपल्याकडून जाते. म्हणून ही वाट कोणत्या अटींवर उघडायची, हे आपण एकदा बसून ठरवलं पाहिजे.

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके अभ्यासकांना का खुणावतात, हे समजण्यासारखं आहे. पुणे-नगर रस्त्याच्या कडेनं सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव इथं कारखाने उभे राहिले. चासकमानच्या कालव्याचं पाणी काही गावांत पोचलं आणि काही गावं अजून टँकरची वाट पाहतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं खोल्यांच्या चाळींत राहतात. दौंडकडे खडकवासल्याचा कालवा, ऊस, गुऱ्हाळं, ऊसतोडीच्या टोळ्या आणि रेल्वेचं जंक्शन. ग्रामपंचायतीत १९९३ नंतर एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. एका पिढीत इतकं बदललं की आजी, आई आणि नात यांना एका ओटीवर बसवलं, तर समाजबदलाचा अख्खा अभ्यासक्रम तिथंच पुरा व्हावा.

पण प्रश्नावलीत काय विचारलं जातं? ‘कुटुंबाकडे किती जमीन आहे?’ हा प्रश्न माझ्याही प्रश्नावलीत होता. जमीन कुणाच्या नावावर आहे, हा नव्हता. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क देणारा कायदा केला. २००५ साली तो सबंध देशाला लागू झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं मुलीचा हा हक्क जन्मानंच मिळतो, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे स्पष्ट केलं. कायदा पुढे गेला आणि त्याच काळात कारखान्यांमुळं, प्लॉटिंगमुळं जमिनीला सोन्याचा भाव आला. मग राखी पौर्णिमेला येणाऱ्या बहिणीला भाऊ तहसील कचेरीच्या आवारात कधी घेऊन गेला, तिनं हक्कसोडपत्रावर सही केली की अंगठा, आणि नाही म्हणणाऱ्या बहिणीचं माहेर तुटलं का, हे कुणी मोजलं? या दोन तालुक्यांतल्या बदलाचं मूळ जमिनीत आहे आणि बाईचा प्रश्न नेमका तिथंच गाळला जातो.

‘व्यवसाय’ या रकान्यात आम्ही ‘गृहिणी’ लिहून मोकळ्या झालो. शेण काढणारी, धार काढणारी, कांदा लावणारी, गुऱ्हाळावर चिपाड वाळवणारी, सगळ्या ‘गृहिणी’. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात घरातल्या बिनमोबदल्याच्या कामाला ते करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं आणि ते करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं जातात, असं दिसलं. हे आपण गेली चाळीस वर्षं शिबिरांत बोलत होतो. पण सरकारी आकडा आला की आपलं म्हणणं कागदावर चढतं. म्हणून अभ्यासाशी आपलं वैर नाही, असू नये. अभ्यास कुणाच्या प्रश्नापासून सुरू होतो, एवढाच आपला वाद आहे.

१ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात हिंसा झाली. त्यानंतर पत्रकारांची, अभ्यासकांची रीघ लागली. जातीचं राजकारण, इतिहास, निवडणुका यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. ते लिहिणं गरजेचंच होतं. पण त्या दिवसानंतर बायकांचं बाजाराला जाणं, रोजगाराला जाणं, मुलींना शाळेत पाठवणं यात काय बदललं, हे विचारणारा कागद निदान माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आपल्या भागाची पाहणी काही आजच होत नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजात काम केलेले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा बारकाईनं अभ्यास केला. तो १९२१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे, विहिरी, कर्ज, मिळकत असं सारं त्यात आहे. गावातली बहुसंख्य कुटुंबं आपल्या गरजेपुरतंसुद्धा मिळवू शकत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं. आजही अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो अभ्यास वाचतात. माझ्या ओळखीच्या जातेगावच्या बायकांना मात्र आपल्या गावावर शंभर वर्षांपूर्वी असं पुस्तक निघालं, हे ठाऊकच नव्हतं.

याच्या नेमकी उलट गोष्ट दौंड तालुक्यात केडगावला आहे. तिथं दुष्काळातल्या निराधार मुली आणि विधवा यांच्यासाठी मुक्तिसदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई आपल्याला माहीत आहेत. त्यांचं धर्मांतर, त्यावरचे वाद, त्यांचं सेवाकार्य हे आपण ऐकलेलं असतं. पण केडगावला येण्याआधी १८८९ साली त्यांनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत एक पुस्तक लिहिलं होतं. तिथलं राज्य कसं चालतं, शाळा कशा आहेत, बायकांच्या संघटना काय करतात, काळ्या लोकांना कसं वागवलं जातं, हे सगळं त्यांनी स्वतः फिरून, पाहून मांडलं. एका मराठी विधवेनं एका मोठ्या देशाचा अभ्यास केला आणि तो आपल्या बहिणींना समजेल अशा भाषेत लिहिला. समकालीन समाजाचा अभ्यास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? तिला कुणी पदव्युत्तर वर्गात बसवलं नव्हतं. ती पाहणारी होती. तिच्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच तालुक्यातल्या बायका फक्त पाहिल्या जाणाऱ्या का उरल्या, हा प्रश्न मला छळतो.

स्त्री-अभ्यास हा विषय विद्यापीठात आला तो चळवळीच्या रेट्यातून. १९७४ साली ‘टुवर्ड्स इक्वालिटी’ या अहवालानं स्वातंत्र्यानंतर बाईची स्थिती कशी घसरली, ते देशापुढं मांडलं. त्याच वर्षी मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकारानं स्त्रीविषयक संशोधनाचं काम उभं राहिलं. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ साली तिथंच भरली. पुणे विद्यापीठात १९८७ साली स्त्री-अभ्यास केंद्र आलं. त्या केंद्राला सावित्रीबाईंचं नाव आहे आणि २०१४ पासून सबंध विद्यापीठालाही. शर्मिला रेगे यांनी तिथं जात आणि लिंगभाव एकत्र शिकवला. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना त्यांनी पाठ्यपुस्तकाचं मोल दिलं. २०१३ साली त्या अकाली गेल्या, तेव्हा विद्यार्थ्यांइतक्याच कार्यकर्त्याही हळहळल्या.

अभ्यास आणि चळवळ यांनी एकमेकींचा हात धरला, तेव्हा काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. मथुरा बलात्कार प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र घेऊन बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. संगमनेरला १९८८ साली समता आंदोलनानं परित्यक्ता परिषद घेतली आणि ‘टाकलेली’ म्हणून हिणवलेल्या बाईचा प्रश्न राज्याच्या चर्चेत आला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली दिलं. विद्यापीठाच्या प्रकल्पातून ते आलं नाही, तरी आज विद्यापीठात ते वाचल्याशिवाय पुढं जाता येत नाही. अभ्यासासाठी महाराष्ट्रात आलेल्या गेल ऑम्व्हेट इथल्याच झाल्या आणि २०२१ साली कासेगावच्या मातीतच विसावल्या.

हा हात पुढं सैल का झाला? काही दोष वरचा आहे. २०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा देशभरच्या स्त्री-अभ्यास केंद्रांच्या अनुदानावर टांगती तलवार आली. कंत्राटावरच्या प्राध्यापिकेला स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नसते. ती विद्यार्थिनीला वस्तीत दुसऱ्यांदा कुठून पाठवणार? नेमणुकीसाठी, बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. वस्तीत जाऊन निष्कर्ष वाचून दाखवले, याला गुण नाहीत.

काही दोष मात्र आपला आहे, तोही बोललं पाहिजे. ‘पुस्तकी बाया’ म्हणून अभ्यासकांची टिंगल आपणही केली. दुसरीकडं देणगीदार संस्थेचा अहवाल भरायचा असला की त्याच बायकांना आपणही चाळीस प्रश्न विचारले आणि ते कागद कपाटात कोंबले. प्रकल्पाची सुरुवातीची पाहणी, मधली पाहणी, शेवटची पाहणी. मावशींनी बोटांवर मोजलेल्या फॉर्मांत एक आमच्याच संस्थेचा निघाला.

आता दौंडची राहिलेली गोष्ट सांगते. त्या बैठकीनंतर मी घरातल्या माळ्यावरून लघुप्रबंधाची प्रत काढली आणि एका रविवारी दौंडला गेले. पुष्कळ घरं बदललेली, काही बायका गाव सोडून गेलेल्या. ज्या भेटल्या त्यांतल्या एकीला मी प्रश्नावलीतल्या नोंदीवरून ओळखलं. माझ्या जुन्या वहीत लिहिलेलं होतं: नवऱ्यानं टाकलेली, मुलं दोन, पोटगीचा दावा नाही. ‘नाही’वर खूण करून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. पोटगी मागता येते, बाईला वकील फुकट मिळतो, हे मला त्या दिवशी माहीत होतं. वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं. तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर ‘उत्तरावर परिणाम होईल’ असं मला वाटलं. तिनं दोन्ही मुलं धुण्याभांड्यावर वाढवली. थोरला आता कामाला जातो. मी तिला कशासाठी आले ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तवा सांगितलं असतं तर धाकटीची शाळा सुटली नसती." एवढंच. मग चहा ठेवला.

मैत्रिणींनो, या वाक्यापुढं माझ्या टक्केवारीचं काय करायचं? अभ्यास करणाऱ्यानं अलिप्त राहावं, असं शिकवतात. टाकलेल्या बाईसमोर बसून तिच्या हक्काची माहिती खिशात ठेवणं, याला अलिप्तपणा म्हणू नये. तो निर्दयपणा आहे आणि तो मी केला.

शिरूरच्या त्या दोन मुलींनी मात्र वेगळं केलं. मार्चमध्ये लघुप्रबंध देण्याआधी त्या पुन्हा वस्तीवर आल्या आणि आपले निष्कर्ष मराठीत वाचून दाखवले. ‘घरातल्या निर्णयात स्त्रियांचा सहभाग आढळतो’ हे वाक्य आलं आणि बायका हसत सुटल्या. एक म्हणाली, "विचारत्यात ना, ठरल्यावर." दुसरी म्हणाली, "भाजी कुठली करायची ते आम्ही ठरवतो, बोअर कुठं घ्यायचा ते ते ठरवतात." एका माजी सदस्य बाईंनी ग्रामसभेत सही आपली आणि बोलणं दिराचं कसं होतं, ते न लाजता सांगितलं. मुलींनी ते वाक्य खोडलं आणि एक नवं प्रकरण लिहिलं. मला विचाराल तर त्यांच्या लघुप्रबंधातलं सर्वात खरं प्रकरण तेच आहे.

त्या दुपारी मावशींची मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘जमीन कुणाच्या नावावर ते का नाही विचारलं?’ हा प्रश्न तिनंच काढला. तिला एम.ए. करायचं आहे. घरी म्हणतात, एम.ए. करून काय करणार, स्थळं बघू. बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट होता. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण संध्याकाळची गाडी चुकली तर वस्तीपर्यंतचा रस्ता अंधाराचा. २०२४ साली सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची फी माफ केली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. वसतिगृहात जागा मिळणं, खाणावळ, इंग्रजी पुस्तकं, हे प्रश्न उरतातच. अभ्यासाचा विषय व्हायला तिला कसलीच अट नाही. अभ्यास करायला मात्र इतके अडथळे.

म्हणून आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्यापुढं चर्चेला ठेवते.

१. पाहणी कशासाठी, कुणासाठी आणि पुढं काय होणार, हे आधी बैठकीत मराठीत सांगितल्याशिवाय कुणालाही वस्तीत नेणार नाही.

२. लघुप्रबंध सादर होण्याआधी निष्कर्ष बायकांपुढं वाचले जातील. चार-पाच पानांचा मराठी गोषवारा गटाकडे राहील.

३. मारहाण, टाकून देणं, उपासमार असं काही कुणी सांगितलं, तर प्रश्नावली बाजूला ठेवायची. तालुका विधी सेवा समितीत बाईला तिचं उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहे. पोटगीचं जुनं कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ झालं आहे, हक्क तोच आहे. ही माहिती लिहिलेला कागद प्रत्येक अभ्यासकाच्या पिशवीत असेल.

४. जमीन, घर, बँकेचं खातं हे कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न असल्याशिवाय प्रश्नावली स्वीकारणार नाही.

५. गावातली एक शिकलेली मुलगी पाहणीत सोबत असेल. प्रकल्पाला पैसे मिळत असतील तर तिला मोबदला आणि लघुप्रबंधात तिचं नाव.

विद्यापीठं आणि महाविद्यालयांकडेही आमचं मागणं आहे. निष्कर्ष वाचून दाखवण्याच्या कामाला गुण द्या. मराठीत लिहिलेल्या लघुप्रबंधाला दुय्यम मानू नका. आणि तालुक्याच्या गावी मुलींना संदर्भपुस्तकं मिळतील, अशी सोय करा.

आमच्यापुरतं आम्ही एक जाड वही घातली आहे. कोण आलं, काय विचारून गेलं, परत आलं की नाही, याची नोंद त्यात होते. वही मावशींच्या मुलीकडे आहे. एम.ए.च्या प्रवेशाचा अर्ज भरायला पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर मी जाणार आहे. घरचे अजून तयार नाहीत. मावशी तयार आहेत.

तुमच्या भागात अशा पाहण्या झाल्या असतील. त्यांचं काय झालं, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. लिहिणं जमत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ आणि छापण्याआधी तुम्हाला वाचून दाखवू.